अळणी डबा

माळ्याचं बीपी काही केल्या उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडेच संशयाने पाहिलं. तिला ते फार लागलं. दोन महिने तिने मिठाची बरणी कपाटात कुलूपबंद ठेवली होती आणि नवऱ्याला एकट्याला शिक्षा नको म्हणून स्वतःही अळणीच जेवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती न सांगता नवरा कामाला होता त्या मैदानावर जाऊन थडकली. खाडीलगतच्या त्या मैदानाला खाऱ्या विहिरीचंच पाणी. बाकी सगळं जळून गेल्यावर तिथे तग धरलेलं गवत नवऱ्याने लावलं होतं, आणि त्याचं कौतुक ती रोज संध्याकाळी ऐकायची.

नवरा कडेला डबा उघडून बसला होता. त्याने मूठभर पाती खुडली, त्यांच्यावर सुकलेले पांढरे कण दुधीच्या भाजीवर झटकले आणि डोळे मिटून घास घेतला.

"अहो," ती मागून म्हणाली.

तो दचकला, पण लगेच सावरला. "अगं, हे काय मीठ आहे? गवताने टाकून दिलेलं आहे. जास्तीचं मीठ ते अंगात ठेवतच नाही, पात्यांवाटे बाहेर काढतं. म्हणून तर जगलंय."

"म्हणजे कळतंय तुम्हाला सगळं," ती म्हणाली. तिने डबा स्वतःकडे ओढला, शेजारची मूठभर पाती खुडून भाजीवर झटकली आणि शांतपणे जेवायला बसली.

"आणि मी?"

"बीपी तुम्हाला आहे. मला नाही."