केबिनमधला देव

नाशिकमध्ये द्वारकेजवळच्या प्लॉटवर मी आणि हारुन मिस्त्री दीड वर्ष एक जुनी डबलडेकर बस दुरुस्त करायच्या मागे लागलो होतो. पत्रा झाला, वरच्या मजल्याची बाकं झाली. घोडं अडलं ते नंबरापाशी. चेसिस नंबरची पितळी पट्टी काही सापडेना, आणि नंबर कळवल्याशिवाय कंपनी सांगेना की गाडी कुठल्या सालची, तिला गिअरबॉक्स कुठला बसेल.

रोज सकाळी केबिनमध्ये जुन्या ड्रायव्हरने मांडलेल्या शेंदराच्या देवाला मी उदबत्ती लावायचो, आणि मग दोघं गाडी खरवडायला बसायचो. बंपरपासून मागच्या जिन्यापर्यंत एक इंच सोडला नाही. पट्टी नाही म्हणजे नाही!

एकोणऐंशीच्या दिवाळीआधी प्लॉटमालकाने जागा मागितली. न चालणारं ते धूड मी नेणार कुठे?

"हारुनभाई, घाला भंगारात," मी वैतागून म्हणालो. "आणि तोडताना मला बोलवू नका."

चौथ्या दिवशी हारुन नाशिक रोडला माझ्या घरी आला. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सगळी तोडली, साहेब. फक्त तुमच्या देवाला छिन्नी लागू दिली नाही. चारही स्क्रू खोलून अलगद काढलाय."

मी देव हातात घेतला. वर्षानुवर्षांचा शेंदूर खपलीसारखा सुटून माझ्या तळहातावर आला. खाली पितळी पट्टी होती. एकही आकडा पुसला नव्हता.