बाबांना आवडला

सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, तशी मुलाने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि आपली दोन बोटं बाबांच्या उजव्या तळव्यात ठेवली.

"बाबा, आवडला?"

बाबांचा हात मिटला. चांगला घट्ट.

"चार स्टार!" मुलगा खुशीत म्हणाला आणि मोबाइलवर लिहायला लागला.

भिंतीशी स्टुलावर बसलेल्या व्यायाम घेणाऱ्या बाई हे बघत होत्या. रोजच्या बाई सकाळी येऊन जायच्या. त्या रजेवर, म्हणून या आज पहिल्यांदाच, आणि तेही दुपारी आल्या होत्या. सिनेमा संपेपर्यंत थांबा म्हटल्यावर बिचाऱ्या थांबल्याही होत्या.

"हे काय असतं?" त्यांनी विचारलं.

मुलाला एवढंच निमित्त पुरे होतं. तो सांगत सुटला. बाबा म्हणजे सिनेमावेडे. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी स्वतःशीच पैज लावली, वर्षभर रोज एक सिनेमा बघायचा आणि रोज त्यावर चार ओळी लिहून लोकांपुढे टाकायच्या. त्या चार ओळींत भल्याभल्यांची सालं निघायची. 'नायिका रडते तेव्हा शिंक अडकल्यासारखी वाटते', 'दिग्दर्शकाला कुणीतरी घरी नेऊन सोडा', असलं काहीबाही. लोक पोट धरून हसायचे. मग मेंदूत गुठळी झाली, वाचा गेली, आणि पैज अर्ध्यावर राहिली. ती मुलाने उचलली. दुकानातली सकाळची पाळी मागून घेतली. दुपारी बापलेक सिनेमा बघतात, बाबा हात दाबून मत देतात, मुलगा ते शब्दांत मांडतो. खाली नाव अर्थातच बाबांचं.

"आणि नाही आवडला तर?"

"तर दाबायचा नाही, असं ठरलंय आमचं." तो हसला. "पण आजारी पडल्यापासून सगळेच आवडतात त्यांना. लोक विचारतात, काका, लाच खाल्लीत का? आई म्हणते, दुखण्याने माणूस मवाळ झाला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून छोटा टॉवेल काढला, त्याची गुंडाळी केली आणि बाबांच्या तळव्यावरून फिरवली.

हात मिटला. चांगला घट्ट.

बाईंनी एकेक बोट उलगडून गुंडाळी सोडवली आणि जवळचं पेन ठेवलं. बाबांनी पेनही आवळून धरलं. डोळे तेवढे छताकडे होते.

"तळव्याला काही लागलं की हात आपोआप मिटतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तान्ह्या बाळाचा मिटतो ना, तसा. त्यांना ऐकू येत नाही, कळत नाही, असं मी म्हणत नाही. ते मला नाही सांगता येणार. पण हे उत्तर नाही."

"चांगल्या सिनेमाला जोरात दाबतात," मुलगा म्हणाला. "खरंच. मी रोज बघतो."

"तुमची बोटं त्या वेळी जोरात टेकत असतील."

मुलाने आपल्या बोटांकडे पाहिलं. टेकत होती. आजचा सिनेमा त्याला स्वतःला फार आवडला होता. म्हणजे स्टार त्याचेच, ओळीही त्याच्याच, आणि इतक्या सगळ्या दुपारी या खोलीत तो एकटाच सिनेमा बघत बसला होता. त्याला बाईंचा भयंकर राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा, काही करता न येणारा.

तेवढ्यात आई वाळलेले कपडे कवेत घेऊन आत आली.

"संपला? काय म्हणाले आज?"

रोजचाच प्रश्न. बाईंनी मान खाली घातली आणि पिशवीची चेन लावायला घेतली.

"आवडला म्हणाले," मुलगा म्हणाला.

"वाटलंच मला." आईने कपडे खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि पलंगाच्या कडेला बसली. "मलाही एक विचारायचंय त्यांना. रोज ठरवते आणि रोज धीर होत नाही. म्हटलं, नाहीच दाबला हात, तर? मग मी काय करू?"

"आई, आत्ता नको. दमलेत ते."

"एवढंसं तर विचारायचंय."

"आई, ऐक ना माझं."

पण तिने पदराला हात पुसून आपलं बोट बाबांच्या तळव्यात ठेवलंही होतं. ती त्यांच्या कानाशी वाकली. तिने आवाज बारीक केला होता, तरी खोली एवढीशी, सगळ्यांना ऐकू गेलं.

"अहो, मी कोण, ते ओळखता ना?"

हात मिटला.

आईने दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं, तिचे खांदे हलले, आणि मग रडता रडताच ती हसायला लागली. मुलगा उभा होता.

आईने बोट सोडवून बघितलं. सुटलं नाही. पुन्हा ओढलं, तर पकड आणखीच आवळली.

ती बाईंकडे बघून चक्क लाजली.

"अहो, सोडा आता," ती म्हणाली. "परकी माणसं बसलीयेत समोर."