कुलूपवाल्यांची बैठक

"माझं कुलूप माझ्या किल्लीशिवाय ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडायचं नाही!" जयसिंहरावांनी छाती फुगवून सांगितलं. तेवढ्यात दाराबाहेर काहीतरी कट्‌ करून मोडलं.

"अहो," बाहेरून बायकोचा, शालिनीताईंचा, आवाज आला. "कुलूप लागलं. पण किल्ली तुटली. अर्धी आतच अडकलीये."

दुकानाच्या आत तिघं जण अडकले. जयसिंहराव, दौलतसिंह आणि सदाशिवराव. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चार कुलूपवाल्यांपैकी तीन. बैठक गुपचूप व्हावी, दुकान बंद दिसावं, म्हणून बाहेरून कुलूप लावून घ्यायची अक्कल जयसिंहरावांचीच.

दरबार होता तोवर गावातल्या एकूणएक सरकारी दाराला जयसिंहरावांचंच कुलूप लागायचं. मक्ताच होता तसा. मग संस्थानं विलीन झाली, मध्यभारत राज्य झालं, आणि राजधानी वाटून घेतली गेली. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दर सहा महिन्यांनी अख्खं सरकार पेट्यांत बसून आगगाडीत चढायचं, आणि दर पेटीला एक कुलूप हवं! जयसिंहरावांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण नवं सरकार म्हणालं, एकाचा मक्ता बंद. चारही कुलूपवाल्यांनी वेगवेगळा भाव द्यायचा. संगनमत दिसलं की सगळे बाद. आज दुपारी साहेब स्वतः टांग्यानं दुकानोदुकानी फिरून भाव घेणार होते, आणि रात्री इंदूरची गाडी धरणार होते. हे काम गेलं तर जयसिंहरावांच्या दुकानाला टाळं लागायचीच वेळ होती.

"लोहार बोलवा, घणानं फोडू दे," दौलतसिंह म्हणाला.

"आणि घणाच्या आवाजानं सगळा सराफा बाजार गोळा होऊ दे?" जयसिंहराव दबक्या आवाजात म्हणाले. " तिघं एकत्र दिसलो की संपलंच!"

"मग आता उघडणार कोण? उघडणारे तर आपण सगळे आत."

चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सदाशिवरावांनी पागोटं काढून वारा घेतला. शेवटी जयसिंहरावांनीच दाराच्या फटीला तोंड लावलं.

"अगं, गोरखीतल्या तुकोजीला बोलव."

तुकोजी हा चौथा. पाटीत कुलपं घेऊन गोरखीच्या जुन्या महालापाशी बसायचा आणि सगळ्यांपेक्षा स्वस्त विकायचा. म्हणूनच त्याला बैठकीचं आमंत्रण नव्हतं. तो आला. ब्रह्मदेवाच्या बापाचं कुलूप त्यानं खालीवर पाहिलं, पाटीतून वाकडी तार काढली, दोनदा फिरवली. कुलूप पायाशी पडलं.

"राम राम, रावसाहेब," दार ढकलून तुकोजी म्हणाला. "सगळी मंडळी इथंच? बारसं आहे का कुणाचं?"

खरं तर त्याच वेळी बाकीच्या दोघांनी आपापल्या दुकानी पळायला हवं होतं. पण जयसिंहरावांच्या डोक्यात जुना मक्ता उठून बसला. तीन आहेतच, चौथाही आयता आलाय. त्यांनी तुकोजीचा हात धरून त्याला आत ओढलं.

"बस बाबा. चौघांचा एकच भाव. तुझाही फायदा."

"बिनबुलाया मेहमान मी," तुकोजी म्हणाला. पण बसला. "बोला, भाव काय?"

एवढ्यात ओट्यावर गहू निवडणाऱ्या शालिनीताईंना वळणावर टांगा दिसला. टांग्यात साहेब, आणि नमुन्यादाखल एक रिकामी पेटी. बाईंनी नवऱ्याची अब्रू वाचवली. झटकन दार ओढलं, तुकोजीच्या बाहेरच राहिलेल्या पाटीतलं नवं कुलूप उचललं आणि कडीत दाबून टाकलं.

साहेब उतरले. "याही दुकानाला कुलूप? चारही गायब! कुलूपवाल्यांचा आज सण आहे का, बाई?"

"नाही हो. गावाला गेलेत."

"चौघंही? एकत्र?"

"छे छे! वेगवेगळे गेलेत."

आत जयसिंहरावांनी तोंड उघडलं. दौलतसिंहानं त्यावर हात ठेवला. साहेब दारापासून हातभर अंतरावर उभे होते, हजारो पेट्यांचं काम घेऊन. आणि आतून नुसतं "अहो" म्हटलं, तरी चौघं बाद. चार माणसं, एक दार, आणि खोकायची सोय नाही. जयसिंहरावांच्या नाकावरून घाम ठिबकत होता. तो पुसायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती.

"आज रात्री निघायचंय मला," बाहेर साहेब स्वतःशीच म्हणाले. "थांबणार कुणासाठी?" मग त्यांची नजर समोरच्या किराणा दुकानावर गेली. "काय हो शेठ, सुतळी आहे? मजबूत?"

"जितनी चाहिए, साहब! बैल बांधो, नहीं टूटेगी."

सुतळी आली. टांग्यातली पेटी ओट्यावर उतरली. दोन आडवे वेढे बसले, दोन उभे. साहेबांनी पेटी हलवून पाहिली, आणि त्यांचा आवाज एकदम खुलला.

"अरे, हे तर झकास! किल्ल्यांची भानगडच नाही. सगळ्या पेट्यांना हेच. बाई, जरा इथं बोट धरा, गाठ मारतो."

शालिनीताईंनी बोट धरलं. साहेबांनी गुडघा टेकून सगळ्या ताकदीनं ओढलं.

गाठ पक्की बसली, शालिनीताईंच्या बोटासकट.