कैलासवासी गायक

शिपाई सिदाप्पाने चहाचा ट्रे सांभाळत प्रादेशिक अभ्यास केंद्राचं दार खांद्याने ढकललं, तर आतून त्याचाच आवाज येत होता. चार वर्षांपूर्वी कप विसळताना त्याने म्हटलेली ही धनगरी ओवी संचालक उपासनीसरांनी मोबाइलवर उतरवून घेतली होती.

जर्मनीहून आलेल्या प्राध्यापिका डोळे मिटून ऐकत होत्या. दोन विद्यापीठांमधला सहकार्य करार त्यांच्यापुढे सहीसाठी उघडा होता. ओवी संपल्यावर त्यांनी पेन उघडलं.

“हे गायक कुठे भेटतील?” त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं. “त्यांना आमच्याकडे बोलवायचं आहे.”

“पार डोंगरापल्याड वाडी त्यांची. दोन दिवस पायपीट करून शोधलं मी,” सर हळहळले. “पण गेल्या वर्षी वारले बिचारे.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सिदाप्पानेही घातली, मेल्या माणसाचा मान राखायलाच हवा. मग सरांपुढे बिनसाखरेचा कप ठेवत त्याने अदबीने विचारलं,

“सर, माझं वर्षश्राद्ध कवा घालायचं? तेवढा रजेचा अर्ज टाकून ठेवतो.”

तो आवाज ऐकून पाहुण्या बाईंनी मान वर केली आणि पेनाला टोपण लावलं.