वाळूची नववी फेरी

पंप बंद झाला, पाणी ओसरलं, आणि पावलं पुन्हा उमटलेली होती.

बारा मीटर लांबीच्या काचेच्या कालव्यात गोटे, खडी आणि वाळू एकत्र करून पसरली होती. वरून पाणी सोडायचं आणि कुठल्या मापाचा दाणा किती वाहून टोकाच्या जाळीत पडतो ते तोलायचं, हे संशोधक बाईंचं काम. आठव्या फेरीतही त्यांचं गणित फसलं होतं. सगळ्यात आधी वाहायला हवी ती बारीक वाळू जाळीत आलीच नव्हती. ती तळावरच होती, गोट्यांच्या मधे, वीतभरही न भरणाऱ्या अनवाणी पावलांच्या आकारात. डावं, उजवं, डावं.

"लहान दाणे मोठ्यांच्या आडोशाला लपतात," बाई म्हणाल्या. "असं होतं कधी कधी."

"माझी पोरपण लपायची," प्रयोगशाळेचा मिस्त्री म्हणाला. "माझ्याच पायांमागं."

पहिल्यांदा बाईंना मिस्त्रीचाच संशय आला होता. तळ फळीने सपाट करायचा तो, पंप चालवायचा तो. 'गणित तुमचं, पाणी माझं' असं चेष्टेत म्हणायचाही तोच. म्हणून पाचव्या फेरीपासून त्यांनी त्याला समोर खुर्चीत बसवलं आणि फळी स्वतः फिरवली. पाणी गढूळ असेपर्यंत काही दिसत नसे. निवळलं की पावलं असत, आधीपेक्षा पुढे सरकलेली.

वाळू नदीच्या वळणावरची होती. मागवली होती दुसरीकडची; ही मिस्त्रीने परस्पर भरून आणली. त्याच वळणावर दोन वर्षांपूर्वी त्याची पाच वर्षांची मुलगी पाण्यात गेली, ती सापडलीच नाही. हे सगळ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं, त्यामुळे वाळूबद्दल त्याला कुणी हटकलं नाही.

"उद्या हा तळ उपसून टाकायचाय," बाई म्हणाल्या. "आठ फेऱ्या पुरे झाल्या. मला भीती वाटते, मिस्त्री. खरंच वाटते."

"नऊ ठरल्या होत्या, मॅडम." त्याने काचेवर बोट टेकवत टोकापर्यंतचं अंतर मोजलं. "चारच पावलं राहिलीत. इतकं चालून आलीये. आता दारातून परत पाठवू नका."

बाईंनी फळी घेऊन तळ सपाट केला. शेवटच्या पावलापाशी हात अडखळला, मग तेही पुसलं. आणि त्या पंपाच्या बटणाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मिस्त्री कालव्याच्या टोकाला गेला. त्याने जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. पिशवीतून घरून आणलेला धुतलेला टॉवेल काढून खांद्यावर टाकला. टोकाला पाणी जमायच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून पाहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "पाणी थोडं कोमट करता येईल का?"