घरात कोणी नाही

मुलाने स्टुलावरून उतरून हात झटकले आणि निकाल देऊन टाकला: दिवे ठणठणीत आहेत. बल्ब बदलून झाले होते, वायफायचा डबा हॉलमधून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून परत हॉलमध्ये फिरून आला होता, सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करून झाली होती. मोबाइलवर बोट ठेवलं की घरातला प्रत्येक दिवा शहाण्या मुलासारखा लागत होता नि विझत होता. म्हणजे बिघाड दिव्यांत नव्हता. तो कुठे आहे हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण उद्या आईला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचं हे ठरलेलंच होतं.

आईचं म्हणणं एकच होतं. ही दोघं संध्याकाळी फिरायला गेली की दिवे जातात, बटणं दाबली तरी लागत नाहीत, आणि ती परतायच्या आत आपोआप येतात. मुलगा नि सून दारात पाऊल टाकत तेव्हा घर लख्ख असे आणि आई सोफ्याचा हात घट्ट धरून बसलेली असे. परवा अंधारात तिने टीपॉयवर गुडघा आपटून घेतला. त्यावर मुलगा रागावला असता तर तिनेही चार शब्द सुनावले असते. पण तो फार मऊ आवाजात बोलला, आणि त्या मऊपणाने ती घाबरली. खरंच आपल्या डोक्यात काही होतंय का, असं आता तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं.

आज मात्र त्याला स्टुलावर चढता-उतरताना बघून तिची भीती गेली आणि तिला चक्क राग आला.

"तू घरात असलास की ते जातच नाहीत," ती म्हणाली. "मग घरात बसून काय तपासतोस? बाहेर जा आणि बघ."

मुलाने समजुतीच्या सुरात काहीतरी सुरू केलं. सुनेने ते पुरं होऊ दिलं नाही. त्याच्या चपला तिने त्याच्यापुढे सरकवल्या आणि आपल्या चपला पायात घातल्या. आईने निघताना बजावलं, की ती खिडकीत उभी राहील, दोन्ही हात वर करून. तिने बटणाला हात लावला असं मागाहून कोणी म्हणायला नको.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी दोघं वळून उभी राहिली. तिन्हीसांज झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या उजेडात आई हात वर करून उभी दिसत होती. बराच वेळ काही झालं नाही. मुलगा सुस्कारा सोडून "बघितलंस?" म्हणणार, इतक्यात हॉलमधला दिवा गेला. मग स्वयंपाकघरातला, मग आईच्या खोलीतला.

त्याने मोबाइल काढून ॲप उघडलं. त्यात लिहिलं होतं: घरात कोणी नाही. दिवे बंद केले.

हा नियम त्यानेच घातला होता, घरात दोघंच राहत होती तेव्हा, विजेची बचत म्हणून. दोघांचे मोबाइल लांब गेले की दिवे बंद, जवळ आले की चालू. पुढे आई राहायला आली ती आपला साधा बटणांचा फोन घेऊन, आणि यंत्रणेने तिला माणसांत धरलंच नाही. विसरला होता तो, आणि डॉक्टरांकडे निघाली होती आई. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सून भर रस्त्यात टाळ्या वाजवू लागली. मुलगा घराकडे धावत सुटला. तो जवळ येताच एकेक खिडकी उजळत गेली. आई अजून तशीच उभी होती, हात वर, आणि तोंडभर हसत होती.

"काय रे, काय म्हणतंय तुझं घर?" तिने वरून विचारलं.

त्याला मान वर करवेना. "घरात कोणी नाही म्हणतंय."

"मग सांग त्याला," ती म्हणाली, "आई घरात आहे."