वसाबी

दुःखावर छंदासारखा रामबाण उपाय नाही. म्हणूनच अपघातात मुलगा गेल्यावर नवऱ्याने दर रविवारी सुशी करायला घेतली, आणि घरच्या दुःखात भाताच्या सुटलेल्या गुंडाळ्यांची भर पडली. वसाबी, म्हणजे ती नाकात जाणारी हिरवी पेस्ट, त्याला सोसत नसे. बायको मात्र आपल्या ताटलीत ती स्वयंपाकघरातूनच लावून आणायची. पहिल्या घासालाच तिच्या डोळ्यांना धारा लागत.

"अगं, जरा बेतानं! टूथपेस्ट आहे का ती?"

"फार झणझणीत आहे हो."

निदान जेवताना तरी ती सगळं विसरते, असं तो मित्रांना सांगे.

या रविवारी ती बहिणीकडे गेली होती. आपणही एकदा हिंमत करावी म्हणून त्याने फ्रिजमधून पहिल्या रविवारी आणलेली वसाबीची एकमेव ट्यूब काढली.

झाकणाखालचं सील शाबूत होतं.